चामखिळींचा निरोप

चामखीळ घालवायचे आपल्याकडे दोन जुने उपाय. एक, घोड्याच्या शेपटीचा केस तिच्या मुळाशी घट्ट बांधून ठेवायचा. दुसरा, चुना आणि धुण्याचा सोडा कालवून वर लावायचा. आमच्या आजीच्या हनुवटीवर दुसऱ्या उपायाचा पांढरट व्रण शेवटपर्यंत होता.

बारावीची केमिस्ट्री आठवली तर तो व्रण का पडला ते कळतं. ओला चुना आणि सोडा एकत्र आले की कॉस्टिक सोडा बनतो, तुंबलेलं सिंक मोकळं करायला वापरतात तोच. गंमत म्हणजे इलेक्ट्रोलिसिसमध्येही तोच बनतो. केसासारखी बारीक सुई ऋण टोकाला जोडतात, दुसरं टोक पेशंटच्या हातात देतात. त्वचेत मीठ-पाणी असतंच. करंट सोडला की सुईभोवती कॉस्टिक सोडा तयार होतो आणि तेवढ्याच पेशी मरतात. सेंट लुईसचे डोळ्यांचे डॉक्टर चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये ही पद्धत मांडली, ती डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी. फरक फक्त मात्रेचा. एक मिलिअँपिअर करंट दहा सेकंद दिला तर फॅरडेच्या नियमाने जेमतेम ४ मायक्रोग्रॅम कॉस्टिक सोडा तयार होतो. आजीला बोटभर लागला होता.

हे सगळं मी शोधत बसलो ते आईसाठी. ताईचं लग्न दीड महिन्यावर आलेलं. आईच्या मानेवर वीसेक बारक्या चामखिळी, मंगळसूत्रात अडकायच्या. मानही काळवंडलेली. ती रोज बेसन-लिंबू लावून घासायची. "फोटोत बरं दिसत नाही रे," एवढंच म्हणायची.

उस्मानपुऱ्यातल्या स्किनच्या डॉक्टर मॅडमनी मान नीट पाहिली आणि मशीनकडे न वळता विचारलं, "काकू, शुगर कधी तपासली होती?"

"मला कुठली शुगर? चहासुद्धा बिनसाखरेचा पिते मी."

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी ७.९. साडेसहाच्या पुढे डायबेटिस धरतात.

शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात इन्सुलिन वाढतं, आणि त्याने त्वचेच्या पेशीही वाढतात. मानेवर, काखेत चामखिळी येतात, कातडी जाड आणि काळी होते. प्रत्येक चामखिळीमागे शुगर नसते. पण आई वर्षानुवर्षं घासत होती तो मळ नव्हताच.

मॅडम म्हणाल्या, आधी साखर खाली येऊ दे, मग जखमा नीट भरतील. त्यामुळे लग्नाच्या अल्बममध्ये त्या चामखिळी तशाच आहेत.

चार महिन्यांनी त्या निघाल्या. इलेक्ट्रोलिसिस नाही, कॉटरीने, म्हणजे थेट उष्णतेने. आधी दोनच काढून पाहिल्या, कारण आपल्या सावळ्या कातडीवर जळल्या जागी काळा डाग राहू शकतो. खपल्या आपोआप पडू द्यायच्या, ऊन टाळायचं. आणि एक ताकीद: रंग-आकार बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ पार्लरमध्ये जाळून घ्यायचा नाही. जाळला की तपासायला काही उरतच नाही.

आई आता सकाळी गोळी घेते आणि सिडकोतल्या बागेत पाऊण तास चालते. बेसन भज्यांना लागतं, तेही कमीच. तुमच्या घरातही कुणी आरशासमोर मान घासत असेल, तर साबण बदलून देण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या.