फ्रीझच्या दिवसांत

आमच्याकडे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कोड फ्रीझ लागतो. क्लायंट अमेरिकेतला, त्याची दुकानं नाताळच्या गर्दीत. त्यामुळे त्या दिवसांत प्रॉडक्शनला कुणी हात लावायचा नाही. नवं काही चढवायचं नाही, जुनं काही सुधारायचं नाही. लॉगिन करायचं, अलर्ट आलाय का बघायचं, आणि नसेल आला तर गप्प बसायचं. सण त्यांचा, सुट्टी त्यांची, पण त्या उसन्या शांततेत मी वर्षभर साठवलेलं ऐकणं-बघणं उरकते. पुण्यात थंडी पडलेली असते, 'सवाई' नुकतंच संपलेलं असतं, आणि फ्लॅटमध्ये माझ्याशिवाय कुणी नसतं. या वेळी आई होती, तिच्याबद्दल पुढे.

गेली चार वर्षं या पंधरवड्यात मी तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' बघते. १९७२चा सिनेमा, पावणेतीन तासांच्या आसपास. सिनेमावेड्या मित्रांनाही मी तो सहसा सुचवत नाही, कारण सुरुवातीच्या अर्ध्या तासात तळ्यातलं शेवाळ आणि मोटारींनी भरलेले रस्ते यापलीकडे फारसं काही घडत नाही. ज्याच्या कादंबरीवर तो बेतलाय त्या स्तानिस्वाव लेमलाही तो आवडला नव्हता. माझा जीव त्यातल्या एका प्रसंगात अडकलाय. अंतराळस्थानकातल्या ग्रंथालयात हारी नावाची बाई भिंतीवरच्या चित्राकडे बघत बसलीय. ती खरी हारी नव्हे. खरी हारी कधीच मेलीय. त्या ग्रहावरच्या समुद्राने नवऱ्याच्या आठवणीतून ही घडवलीय. हिला स्वतःचं बालपण नाही, गाव नाही, हिवाळा नाही. चित्र आहे ब्रुगेलचं, 'बर्फातले शिकारी'. कॅमेरा त्या चित्रात शिरतो आणि हळूहळू सरकत राहतो. कुत्री भुंकल्यासारखं, कुठेतरी घंटा वाजल्यासारखं ऐकू येतं. मग थोडा वेळ स्थानकातलं गुरुत्वाकर्षण नाहीसं होतं, दोघं हवेत तरंगतात, आणि बाखचं ऑर्गन सुरू होतं.

बाखची ती रचना 'ऑर्गेलब्यूखलाइन' या वहीतली. वहीत १६४ रचना लिहायचं त्याने योजलं होतं, पुऱ्या झाल्या ४६. आमच्या कुठल्याही प्रोजेक्टचं प्रमाण यापेक्षा फार वेगळं नसतं, फक्त आमचं कुणी तीनशे वर्षांनी वाजवणार नाही.

पण मला खरं वेड लावलं ते चित्रामागून येणाऱ्या आवाजांनी. सिनेमाचं संगीत एदुआर्द आर्तेम्येवचं, आणि त्यासाठी त्याने 'एएनएस' नावाचं यंत्र वापरलं. ते बांधलं येवगेनी मुर्झिन नावाच्या इंजिनिअरने. कल्पना १९३७-३८ची, यंत्र प्रत्यक्ष उभं राहिलं १९५७ साली. स्क्र्याबिन हा त्याचा आवडता संगीतकार, म्हणून अलेक्सांद्र निकोलायेविच स्क्र्याबिनची आद्याक्षरं यंत्राला दिली. या यंत्रात आवाज काढायचा म्हणजे चित्र काढायचं. एका काचेवर न वाळणारा काळा लेप दिलेला असतो. तो खरवडला की तिथून प्रकाश आरपार जातो. मागे फिरणाऱ्या काचेच्या तबकड्यांवर शुद्ध स्वरांच्या लहरी आधीच कोरून ठेवलेल्या असतात, सगळे मिळून ७२० स्वर, एका सप्तकात ७२. खरवडलेल्या जागेतून ज्या लहरींचा प्रकाश पलीकडच्या फोटोसेलवर पडतो, ते स्वर वाजतात. वर खरवडलं तर उंच स्वर, खाली खरवडलं तर खर्ज. आणि काच सरकत जाईल तसा काळ पुढे जातो. आपल्याकडे एका सप्तकात बावीस श्रुती म्हणताना वाद होतात, इथे ७२! हे कळलं त्या रात्री मी लॅपटॉपवर त्याची एक बाळबोध नक्कल लिहून बघितली. माऊसने ओढलेली तिरकी रेघ भोंग्यासारखी चढत गेली आणि शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. रिलीजच्या मेलमध्ये येतात त्या शाबासक्यांपेक्षा मला ते बरं वाटलं.

आता आई. बाबा मे महिन्यात गेले. बार्शीजवळच्या गावात घर आणि कोरडवाहू शेत, आणि दोन्हींत ती एकटी. तिने इथेच राहावं असं माझ्या मनात होतं. शेत चुलत्यांना वाट्याने द्यायचं, दोन बेडरूमचा फ्लॅट घ्यायचा, याचं सगळं गणित मी एका शीटमध्ये मांडून ठेवलं होतं. फ्रीझच्या दिवसांत निवांत बोलू, म्हणून तिला बोलावून घेतलं होतं.

ती मेथी निवडत सिनेमा बघत होती. ग्रंथालय आलं तशी म्हणाली, "ही बाई एवढं काय बघतीय?"

मी सिनेमा थांबवला. २०१८ साली ब्रुगेलच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी व्हिएन्नाच्या संग्रहालयाने त्याची चित्रं अगदी बारीक तपशिलांत महाजालावर ठेवलीत. तडा गेलेला रंगही दिसतो. ते चित्र टीव्हीवर लावून दिलं. मी तिला १५६५ सांगणार होते, त्याआधीचा कडक हिवाळा सांगणार होते, पण ती चष्मा लावून उठून टीव्हीपाशी गेली.

"हात हलवत आलेत गं," ती म्हणाली.

"एक कोल्हा मिळालाय. त्याच्या पाठीवर बघ."

"एवढ्या माणसांना कोल्हा काय पुरतोय? अन् कुत्र्यांची पोटं बघ, खपाटीला गेलीत." मग डावीकडचा जाळ. "हुरडा भाजत्यात?"

डुकराचे केस जाळतायत, म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं. खानावळीची पाटी एकाच कडीवर लोंबतीय हे तिला लगेच दिसलं. त्या पाटीवर शिकाऱ्यांचा संत आहे, हे मी सांगितलं. त्याचं तिला काही नव्हतं. खाली गोठलेल्या तळ्यावर पोरं घसरतायत, कुणी पडलंय, लांब एका धुराड्याला आग लागलीय. त्या सगळ्यावरून नजर फिरवून ती पुलापाशी थांबली. पुलावरून एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चाललीय. चित्रात ती नखाएवढी आहे.

"हिला मोठी कर."

मी केली. आई बराच वेळ बघत होती. मेथीची जुडी तशीच हातात.

"ज्वारी हुरड्यात आली असंल," ती म्हणाली. "पाखरं पडत असत्याल. तुझ्या चुलत्याला गोफण कुठं फिरवता येती आता."

शीट दुसऱ्या टॅबमध्ये उघडीच होती. मी सिनेमा पुढे चालू केला. दोघं तरंगली, बाख वाजलं. आई म्हणाली, "ही जित्ती नाही म्हंतीस. मग त्या बर्फाची थंडी हिला कशी कळंल?"

"त्याच्या आठवणीतून आलीय ना ती. थोडं त्याचं, थोडं बघून बघून."

"बघून?" ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. जुडी संपल्यावर तिने देठं कागदात गुंडाळली.

"अठ्ठावीसचं तिकीट काढ. सकाळची गाडी बघ. खिडकीची जागा मिळाली तर बरं."

खिडकीची मिळाली.