धामकाठची लोकर

कापसाच्या मुलखात लोकरीवर जीव लावणारी माणसं थोडीच. वर्धा जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कुठल्याही रस्त्याने जा, शेतं पांढरी झालेली दिसतात. वेचणी सुरू करण्याआधी सीतादही होते, शेताला दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि मगच पहिला कापूस ओटीत पडतो. हिंगणघाटच्या कापसाला एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात नाव होतं. हिंगणघाटात, पुलगावात गिरण्यांचे भोंगे वाजायचे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हापासून तर पेळू आणि टकळी कितीतरी घरांत देवाच्या कोनाड्याशेजारी जाऊन बसली. अशा मुलखात लुधियानाहून आलेली लोकर ही पाहुणी होती, आणि ती तशीच जपली जायची.

आमच्या घरात मात्र वर्षातली एक अख्खी सुट्टी तिची होती. आत्याचं सासर पवनारचं. भाऊबिजेला बाबा बहिणीकडे जायचे, आणि त्यांच्यासोबत आई, आम्ही भावंडं, काका-काकू, त्यांची लेकरं असं सगळं खटलं. ओवाळणी एका संध्याकाळची. मुक्काम शाळा उघडेपर्यंतचा. वर्ध्याहून पवनार आठ-नऊ किलोमीटर, नागपूरच्या रस्त्यावर. तरी ते अंतर मोठं होतं, कारण घरातलं काहीच सोबत यायचं नाही. रेडिओ घरी राहायचा, बाबांचं वर्तमानपत्र घरी, वह्या-पुस्तकं घरी. असं व्रत कोणी घेतलेलं नव्हतं. आत्याच्या दोन खोल्यांत एवढी माणसं मावली तरच पुष्कळ. सामानाला जागा कुठली? आणि घरात थांबायचंच कोणाला होतं! सकाळचा चहा झाला की सगळे नदीवर, ते दिवेलागणीपर्यंत. प्रत्येकाच्या पिशवीत एक वस्तू मात्र असावीच लागे. मागच्या हिवाळ्यात अंगाला तोकडा झालेला स्वेटर.

धाम पवनारला काळ्या खडकांवरून पसरत येते. पावसाळा सरला की पाणी निवळतं, खडकांच्या पाठी उघड्या पडतात आणि मधे मधे कमरेइतके डोह उरतात. काठावर विनोबांचा परमधाम आश्रम. विनोबा इथे १९३८ मध्ये आले. भगिनींसाठीचं ब्रह्मविद्या मंदिर १९५९ मधलं. गांधीजींच्या अस्थी याच पाण्यात सोडल्या, तिथे छत्री आहे. लहानपणी आम्हाला यातलं थोडंफारच कळायचं. आम्हाला ठाऊक होता तो धोबी पक्षी. शेपटी खालीवर करत तो एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जायचा आणि आमच्या लोकरीच्या तुकड्यांजवळ येऊन थबकायचा.

उन्हं खडकावर चढली की उसवणं सुरू. आधी शिवण उघडायची. बाह्या, पुढा, पाठ सुट्या करायच्या. कात्री फक्त आत्याच्या हातात, कारण शिवणीचा दोरा समजून वीणच कापली गेली तर तुकडा वाया. मग शेवटचा टाका जिथे बंद केलेला असतो ते टोक शोधायचं. ते हाती लागलं की पुढचं काम पोरांचं. एकाने तुकडा धरायचा आणि दुसऱ्याने धागा ओढत खडकावरून दूर चालत जायचं. टाके एकामागून एक सुटत जायचे. स्वेटर विणतात खालून वर, म्हणून उसवताना आधी खांदा जातो, मग छाती, मग पोट, सगळ्यात शेवटी बॉर्डर. स्वतःच्याच अंगातलं असं हातातून सुटताना पाहून धाकट्या चुलतभावाला एकदा रडू फुटलं होतं. आत्याने त्याला जवळ घेतलं, पण धागा ओढणं थांबवलं नाही.

निघालेली लोकर कुरळी असते. तिच्या अंगात टाक्यांचे वळ बसलेले असतात. आत्या ती अंगठा आणि कोपर यांच्यामधे गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैलसर बांधायची, रात्री भिजत घातलेल्या रिठ्यांच्या पाण्यात बुचकळायची आणि मग धामच्या वाहत्या पाण्यात धरायची. पिळायची कधीच नाही. पाणी आपोआप निथळू द्यायचं. बाभळीच्या सावलीतल्या फांदीवर लडी टांगायची आणि खालच्या टोकाला धोंडा बांधायचा.

“धोंडा कायले वं, आत्या?”

“तिचे वळ निघू दे ना बाप्पा. वळ राह्यले का इणाई वाकडी येते.”

संध्याकाळपर्यंत लोकर सरळ व्हायची. एवढं सगळं करायला घरची विहीर पुरली नसती का? पुरली असती. पण आत्या म्हणायची, वाहत्या पाण्यात घाम निघून जातो. मला ते अजूनही खरं वाटतं.

मग गुंडा करायचा. लडीचा गुंडा एकट्याने करता येत नाही. समोर कोणीतरी दोन हात पुढे धरून बसावं लागतं, लडी त्या हातांवर चढवायची आणि गुंडाळणाऱ्याने धागा ओढत राहायचा. हात धरणाऱ्याला उठता येत नाही, नाक खाजवता येत नाही. तो बोलतो, नाहीतर ऐकतो. आमच्या घरातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी मी अशा, हात पुढे धरून ऐकलेल्या आहेत. आजोबांनी आर्वीच्या बाजारात बैल विकला ती गोष्ट. आईचं लग्न मोडता मोडता राहिलं ती. आणि आत्या विणायला कशी शिकली ती.

तो १९६२ चा हिवाळा. चीनशी युद्ध झालं होतं, आणि हिमालयातल्या जवानांसाठी देशभर बायका-मुली मोजे, मफलर, कानटोप्या विणत होत्या. आत्या तेव्हा आठवीत. मोज्याची टाच तिला जमेना, म्हणून बाईंनी तिला मफलरवर बसवलं. वर्ध्याची मुलगी, बर्फ तिने पाहिलेलं नव्हतं. बर्फात किती गार वाजत असेल याचा अंदाज न आल्याने ती वीण घट्ट, आणखी घट्ट करत गेली आणि मफलर पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. तसाच तो पाठवला गेला. कोणाच्या गळ्यात पडला, तो माणूस परत आला की नाही, हे तिला कधीच कळणार नव्हतं. एवढं सांगून झालं की तिचे हात क्षणभर थांबायचे.

लोकर महाग होती. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्ध्या किलोच्या आसपास लागते. नवी घेतली जायची ती एखादीच लडी, पट्ट्यापुरती. बाबांच्या मरून स्वेटरातून माझा आणि धाकट्याचा निघाला. माझ्यातून पुढे काकूच्या बाळाचं झबलं आणि एक कानटोपी. त्या कानटोपीतून कोणाच्या तरी हातमोज्यांची मनगटं. कोपरापाशी झिजलेली लोकर बाजूला काढायची, ती आतल्या बाजूला, बगलेत वापरायची. अकरा नंबरच्या सुयांवर बॉर्डर, नऊ नंबरच्या सुयांवर अंग. आई साधी उलट-सुलट वीण घालायची. वेणीची वीण आत्याचीच. बोलताना तिची नजर हातांवर नसायचीच. ती पाण्याकडे पाहायची, पोरं मोजायची, कोण डोहाच्या फार जवळ गेलं ते ओरडून सांगायची आणि सुया आपल्या चालत राहायच्या.

थोड्या अंतरावर आत्याचे सासरे, आबाजी, टकळीवर सूत काढत बसायचे. त्यांना लोकरीचं कौतुक नव्हतं, नावडही नव्हती. त्यांचं वर्ष १२ फेब्रुवारीकडे चाललेलं असायचं. त्या दिवशी पवनारला सर्वोदय मेळा भरतो, आणि स्वतः कातलेली एक गुंडी गांधीजींच्या स्मरणार्थ अर्पण करायची, ही विनोबांनी सांगितलेली सूतांजली. एका गुंडीत ६४० तार, एक तार चार फुटांचा. म्हणजे पाऊण किलोमीटरहून जास्त सूत, पेळूतून हाताने ओढलेलं. आबाजी ते काढायचे, गुंडी बांधायचे आणि देऊन टाकायचे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिला तार. एकाच काठावर एक माणूस वर्षभराचं सूत देऊन मोकळा व्हायचा आणि त्याची सून इंचभर लोकरही हातची जाऊ द्यायची नाही. दोघांचं कधी वाजलेलं मला आठवत नाही. त्यांची टकळी अडली की गाठ सोडवायला ते तिलाच हाक मारायचे.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी रोडगे. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, राख झटकून फोडलेले, तुपात बुडालेले, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. विणणाऱ्या बायकांना त्या दिवशी शेवटी वाढायचे, कारण एकदा तुपाचे हात झाले की सुयांना हात लावायचा नाही.

१९८२ ची दिवाळी १५ नोव्हेंबरची. विनोबांनी त्याआधी काही दिवस अन्नपाणी सोडलं होतं आणि दिवाळीच्याच दिवशी ते गेले. भाऊबिजेला आम्ही पोचलो तेव्हा काठावर आमच्यासाठी जागा उरलेली नव्हती. जिथे लड्या वाळायच्या तिथे परगावची माणसं बसलेली, कोणी हळू आवाजात बोलत, कोणी नुसतीच. आबाजी त्यांच्यात होते, टकळी हातात. त्या वर्षी आत्याने काही उसवलं नाही. बायकांनी पिशव्या जशा आणल्या तशा परत नेल्या, आणि आम्ही पोरांनी तो हिवाळा मनगटं उघडी टाकणाऱ्या तोकड्या स्वेटरांत काढला.

त्यानंतरही सुट्ट्या झाल्या. पण कमी माणसांच्या, कमी दिवसांच्या. आबाजी गेले. आम्ही नागपूरला, पुण्याला, त्याहून लांब पांगलो. नागपुरात हिवाळा आला की तिबेटी लोकांचा स्वेटरबाजार लागायचा. घर सोडून आलेली ती माणसं, गोंदियाकडे गोठणगावजवळ त्यांची वसाहत. त्यांच्याबद्दल मनात वाकडं आणावं असं काहीच नाही. त्यांचे स्वेटर उबदार होते, रंग देखणे होते, आणि विणायला लागणारे दिवस आता कोणाकडे नव्हते. हाताने विणायची लोकर दुकानात मिळायची तीही बहुतेक अ‍ॅक्रिलिकची. ती उसवता येते, पण तिचे वळ धोंडा बांधूनही नीट जात नाहीत.

बोर धरणावर आजही कुटुंबं सुट्टीला जातात. मीही जाते. पाणी सुंदर आहे, जंगल जवळ आहे, पोरांच्या हातात फोन आहेत आणि मोठ्यांच्याही. मला त्या फोनपेक्षा वाईट वाटतं ते हातांचं. फोन एकट्याने धरता येतो. तिथे कोणाला कोणाच्या दोन हातांची गरज पडत नाही, म्हणून कोणी कोणासमोर अर्धा तास अडकून बसत नाही, म्हणून बैल विकल्याची गोष्ट कोणाला सांगावीशी वाटत नाही. ती गोष्ट आता मला एकटीला येते. मी गेल्यावर ती कोणालाच येणार नाही, आणि याचं मला जे वाटतं त्याला दुःख हाच शब्द आहे.

त्या स्वेटरांतला एकही शिल्लक नाही. शिल्लक राहायला तो कुठेतरी थांबायला हवा होता. आमचा प्रत्येक स्वेटर पुढच्यासाठी उसवला गेला. फोटो आहेत, पण काळे-पांढरे. मरून आणि बाटली-हिरवा त्यांत एकसारखेच राखाडी दिसतात. आई आणि मी तासन्‌तास वाद घालतो की बाबांच्या खांद्यावरचा पट्टा पिवळा होता की केशरी. आत्या असती तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं, आणि तो रंग आधी कोणाच्या अंगावर होता तेही.

आत्या, तुला गेल्याला आता कितीतरी हिवाळे झाले. तुझ्या सुया वाटल्या गेल्या. नऊ नंबरची जोडी माझ्याकडे आली, अकरा नंबरची धाकटीकडे पुण्याला आहे, त्यामुळे बॉर्डर घालायची तर मला तिच्याकडे जावं लागतं. धामवर महाकाळीला धरण आहे ते तुला ठाऊक होतंच. आता वर्ध्याचे नळ त्याच पाण्यावर चालतात, तेव्हा शहरातल्या आमच्या घरीही तुझीच नदी येते. बाभूळ नाही. खडक आहेत. मागच्या थंडीत मी बऱ्याच शोधानंतर खरी लोकर मिळवली, मरून, आणि नातीचा स्वेटर विणला. बाहीच्या अर्ध्यावर गुंडा संपला. नवा जोडायला मी गाठ मारली, आणि ती गाठ तिला बोचते, ती घालत नाही. तुझ्या विणीत कुठेही गाठ लागायची नाही. उसवताना दोन गुंड्यांमधला जोड आम्हाला कधी सापडला नाही. तू दोन्ही टोकं पिंजून, ओली करून, तळहातांमधे चोळायचीस, एवढं मी पाहिलंय. पण किती चोळायची, आणि पाणी की थुंकी?