तेरड्याचा रंग तीन दिवस?

साताऱ्याजवळच्या कास पठाराचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. जिकडे तिकडे फुलंच फुलं! पण मे महिन्यातलं कास पाहिलंय का कुणी? मी पाहिलंय, आणि तेही एका रुसलेल्या मुलीबरोबर.

माझ्या भाचीच्या बाबांची कोल्हापूरहून साताऱ्याला बदली झाली. शाळा सुटली, जिवाभावाची मैत्रीण सुटली. अकरा वर्षांची पोर, पण दिवसभर एकच पालुपद : "मला इथलं काहीच आवडत नाही." जरा मन रमेल म्हणून मी तिला कासला नेलं. साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. पोचलो तर काय, नुसता काळपट जांभा दगड आणि वाळलेलं गवत! "मावशी, इथलं सगळं मेलंय," ती म्हणाली. खरं सांगू, भर उन्हात तिथं जाणं हा माझाच वेंधळेपणा होता.

सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा गेलो. ती यायला तयारच नव्हती! पण तोच खडक ओळखू येईना. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं. ही कुठून उगवली? अहो, इथेच तर होती! खडकावर मातीचा थर अगदी पातळ. उन्हाळ्यात त्यात ओल टिकत नाही. म्हणून तेरडा पावसाळ्यात उगवतो, घाईघाईनं फुलतो, बी टाकतो आणि वाळून जातो. ते बी पुढच्या पावसापर्यंत मातीत आणि भेगांत पडून राहतं. काही झाडांचे कंद जमिनीखाली झोपलेले असतात. मे महिन्यात आम्ही त्यांच्यावरच उभ्या होतो की!

आणि सीतेची आसवं? दिसायला एवढीशी, नाजूक. पण मातीत कस नाही, म्हणून ती जमिनीखालच्या इवल्या पिशव्यांत बारीक जीव पकडून खाते. हे ऐकून भाची कितीतरी दिवसांनी हसली. (फुलांत बसून फोटो मात्र काढू नका हं, खालची रोपं चिरडतात.)

मग एकदम गप्प झाली. "तेरड्याचा रंग तीन दिवस. हेही जाणारच ना?"

"जाणार," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू?

वाटेच्या कडेला तेरड्याची पिकलेली बोंडं होती. एकाला तिचं बोट लागलं मात्र, फट्‌दिशी ते फुटलं आणि बिया उडाल्या. ती दचकली. वाकून त्या शोधायला लागली, पण एकही सापडली नाही.

परतताना म्हणाली, "मला तिची आठवण येते." मी म्हटलं, "येऊ दे की." दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

त्या रात्री तिनं कोल्हापूरला पत्र लिहिलं. शेवटची ओळ मला वाचून दाखवली : "पुढच्या सप्टेंबरला नक्की ये. माझ्या मावशीचं ऐकून मे महिन्यात मात्र येऊ नकोस!"