तेराव्यानंतरचे दिवस

मृत्यूनंतरचे पहिले तेरा दिवस समाज सांभाळतो. घरात चूल पेटत नाही, शेजारून भाकरी-पिठलं येतं, रात्री सोबतीला कुणी ना कुणी झोपायला येतं. चौदाव्या दिवसापासूनचं दुःख मात्र ज्याचं त्याला वागवावं लागतं, आणि लांबचा पल्ला तोच असतो.

दक्षिण सोलापूर तालुक्यात, अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत हा पल्ला जवळून पाहता येतो. कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार गृहनिर्माण संस्थेची १०,००० घरांची वसाहत गावाच्या शिवारात उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं आणि सोलापुरातल्या झोपडपट्ट्यांतून, भाड्याच्या खोल्यांतून विड्या वळणाऱ्या बायका इथे आल्या. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी कुटुंबं इथे शेजारी राहतात, आणि दुःखाचे दिवस प्रत्येकाकडे वेगळे मोजले जातात. बहुतेक हिंदू घरांत दहा दिवसांचं सुतक, मग तेरावा, मासिक, वर्षश्राद्ध. लिंगायतांत मृत्यू म्हणजे लिंगैक्य. दफन होतं आणि परंपरा सुतक मानत नाही. मुसलमान घरात शोक तीन दिवसांचा, विधवेसाठी मात्र चार महिने दहा दिवसांची इद्दत. या मुदतीत दुःख संपतं, असं कोणताच धर्म म्हणत नाही. रडण्याला हक्काची जागा मिळते आणि उठून कामाला लागण्याला परवानगी, एवढं त्या मुदतीमुळे होतं.

यांतला सर्वांत खोल विधी काकस्पर्शाचा वाटतो. दहाव्या दिवशी पिंड ठेवून माणसं कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा मागे राहिली, असं समजतात. मग जवळचं कुणी पुढे होऊन मोठ्यानं सांगतं, ‘धाकटीचं लग्न मी करीन’, ‘आईला अंतर देणार नाही’. कावळ्याचं काहीही मानलं तरी त्या वेळी घडतं ते खरं असतं. घरातल्यांना आतून खाणारी काळजी चारचौघांसमोर बोलली जाते, तिची जबाबदारी कुणीतरी उचलतं आणि सगळा गाव त्याला साक्षी राहतो. पुढे कुणी शब्द फिरवला, तर दहाव्याची आठवण करून देणारी माणसंही असतात.

त्यानंतर कामाची निकड येते. घरी बसून विड्या वळणारीला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. ज्या दिवशी विड्या नाहीत, त्या दिवशी पैसे नाहीत. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा आणि माल कारखान्यात पोचवायचा. हात सरावलेले असल्यानं मन मोकळं राहतं, आणि मोकळ्या मनात गेलेला माणूस येतो. ओट्यावर चारजणी एकत्र बसल्या की त्याच्याबद्दल बोलणं होतं, रडूही येतं, आणि तरी हात चालू राहतात. या कामाला औषध म्हणणं क्रूरपणाचं होईल, कारण ते तिनं निवडलेलं नसतं, पोटासाठी करावं लागतं. तरीही दुःख करणं आणि जगण्याची घडी बसवणं यांत माणूस सतत ये-जा करतो, हे मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेलं म्हणणं इथे पटतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातल्या पाच अवस्था जास्त प्रसिद्ध आहेत. पण त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या. मागे राहिलेल्यांनी त्या पायरीपायरीनं चढायच्या असतात, हा समज फार जाचतो. दुसऱ्या महिन्यात एखाद्या लग्नात हसू आलं म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या बायका कमी नाहीत.

याच दिवसांत कागदपत्रंही करावी लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, मग दाखल्याच्या प्रती, बँकेतलं वारसाचं काम, रेशनकार्डावरून नाव कमी करणं. नाव कमी करण्याचा अर्ज स्वतःच्या हातानं भरताना जे तुटतं, त्याची दखल कोणत्याही रकान्यात नसते. भाड्यानं राहणाऱ्या बाईला याच्यासोबत ‘आता राहायचं कुठे’ हाही प्रश्न असतो. सासरी राहणारीला तो उघडपणे विचारलाही जातो. कुंभारीच्या या संस्थेच्या सभासद स्त्रिया आहेत. नवरा गेल्यावर ज्या घरातून कुणी बाहेर काढू शकत नाही, अशा घरात दार लावून रडता येतं. सांत्वनाच्या शब्दांपेक्षा याचं मोल मोठं आहे.

वसाहतीला जिचं नाव आहे, तिचंही आयुष्य या दुःखातून गेलं. गोदावरी परुळेकर आणि श्यामराव परुळेकर यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात वारली आदिवासींचा लढा उभा केला. १९६५ साली श्यामराव तुरुंगात असतानाच वारले. त्या लढ्याची कहाणी सांगणारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदूताईंचं पुस्तक १९७० मध्ये आलं आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. दोघांनी मिळून केलेलं काम एकटीनं शब्दांत उतरवणं, हेही नातं पुढे चालू ठेवणंच होतं. श्यामरावांच्या मागेही त्यांनी काम चालू ठेवलं. १९९६ मध्ये त्या गेल्या.

समाज दुःख सांभाळतो तसा ते वाढवूही शकतो. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे सगळं ती बाई सर्वांत कोलमडलेली असताना केलं जातं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठरावाला बळ मिळतं ते त्या दिवशी हजर असलेल्या थोरल्या बायकांमुळे. त्यांतल्या एकीनं ‘राहू दे तिच्या बांगड्या’ म्हटलं, तर पुष्कळ काही वाचतं.

बहुतेकांचं दुःख वर्षभरात बोथट होतं, सणावाराला पुन्हा धार धरतं, आणि त्यासह माणूस जगतो. काहींचं मात्र तसं होत नाही. महिनोन्‌महिने गेलेल्याचाच ध्यास, झोप-जेवण तुटलेलं, काम होत नाही, आपणही जावं असं वाटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगवर्गीकरणात, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अशा तीव्र दुःखाची विकार म्हणून नोंद आहे. ‘देवाची इच्छा’ म्हणून ते सोसायला सांगणं चुकीचं आहे, त्यावर उपचार आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर मात्र त्या माणसाला एकटं ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावं.