कार्बोरेटर रस्ता बघून निवडावा

फौजेत आणि बुलेटमध्ये जुनं नातं आहे. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, त्यामागे फौज आणि पोलिसांची ३५० सीसीच्या बुलेटसाठीची मागणी होती. त्यामुळे आमच्या एमटी पार्कात इंजिनावर गप्पा सुरू झाल्या की लंगरची शिट्टीही कुणाला ऐकू येत नाही.

पठाणकोटला असताना आमच्यातला एक नायक वडिलांची जुनी ३५० घेऊन आला. वडील रिटायर्ड हवालदार, नुकतेच वारलेले. गाडी त्यांची आठवण म्हणून सांभाळलेली. त्यानं कोल्हापुरात इंजिन करून घेतलं होतं : जास्त कॉम्प्रेशनचा पिस्टन, मोठा इनलेट व्हॉल्व्ह, मोकळा सायलेन्सर. आता सुट्टीत झोजिलावरून लेहला जायचं होतं.

"उस्ताद, ३४ चा फ्लॅट स्लाइड बसवू का? पिकअप जबरदस्त मिळेल म्हणतात."

मी म्हटलं, "गड्या, आधी इंजिन किती हवा ओढतंय ते बघ."

कार्बोरेटरचं काम साधं आहे. आतली वाट मध्ये अरुंद असते. तिथून हवा जोरात गेली की दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जातं. वाट फार मोठी केली तर कमी आरपीएमवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट उचललं जात नाही, आणि थ्रॉटल पिळताच गाडी ठसकते. शर्यतीत इंजिन सतत वरच्या आरपीएमवर असतं, तिथं मोठा चालतो. घाटात दुसऱ्या गियरमध्ये, सामान लादून चढताना नाही.

कंपनीचाच हिशेब बघा. कास्ट आयर्न ३५० ला २४ मिमीचा मिककार्ब यायचा, ५०० ला २८ चा. म्हणजे जास्त हवा घेणाऱ्या ३५० ला २८ पुरे. सीव्हीचाही विचार झाला. उंचीवर तो थोडंफार स्वतः सांभाळून घेतो, पण त्याचा रबरी डायफ्रॅम फाटला तर रस्त्याकडेला करायचं काय? गोल स्लाइडचा २८ मिकुनी ठरला. स्क्रूड्रायव्हर आणि पान्यावर खुलतो, आणि जेट मिळायला अडचण येत नाही.

मग सेटिंग. थ्रॉटलच्या पहिल्या आठव्या भागापर्यंत पायलट जेट, पुढे पावपर्यंत स्लाइडचा काप, पाव ते पाऊण नीडल, त्यावर मेन जेट. ज्या टप्प्यावर कुरकुर, तिथलाच भाग बदलायचा, एका वेळी एकच. दर वेळी प्लग बघायचा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी, विटकरी तपकिरी म्हणजे बरोबर.

खरी गोष्ट उंचीची. लेह साधारण ३,५०० मीटरवर, तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश. हवा विरळ, म्हणून तोच जेट पेट्रोल जास्त देतो. गाडी गुदमरते, धूर सोडते. मेन जेट लहान करायचा, नीडलची क्लिप एक खाच वर घ्यायची. एवढं सगळेच करतात. पण उतरताना विसरतात. लेहचा लहान जेट तसाच घेऊन मैदानात आलात तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन सिलेंडरमध्ये अडकतो. मागचं चाक जागच्या जागी थांबतं. तेही मागे ट्रक आणि बाजूला दरी असताना.

म्हणून मी त्याला जेटची डबी दिली आणि झाकणाच्या आत लिहून दिलं : परतताना द्रासलाच मोठा जेट. झोजिलावर थोडी धुरकटेल, धुरकटू दे. पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा होतो, कमी झालं तर इंजिन जातं. आणि वडिलांचं इंजिन बाजारात मिळत नाही.

तो सुट्टी संपवून वेळेवर हजर झाला. प्लग काढून दाखवला, विटकरी रंगाचा.

ज्यांच्या घरी जुनी बुलेट आहे त्यांना एवढंच सांगेन : कार्बोरेटर घेण्याआधी तुमचा नेहमीचा रस्ता कागदावर लिहा. आणि वर जाताना जो जेट काढाल, तो खिशात ठेवा, खाली उतरताना तोच लागतो.

जय हिंद.