रस्त्यावरचा चिखल माझा होता

आज पिकाचं लिहीत नाही.

आमचं रान चाकण-तळेगाव रस्त्याला लागून आहे. मागच्या पावसाळ्यात कांद्याच्या लागणीची घाई होती. पुरता वाफसा नव्हता तरी रोटर मारला. अंधार पडल्यावर ट्रॅक्टर डांबरीवरून घरी आणला. चाकाला चिकटलेली काळी माती शे-दीडशे फूट रस्त्यावर पडत आली. मला दिसत होती. म्हटलं, गाड्यांनी जाईल सकाळपर्यंत.

रात्री पाऊस भुरभुरला. सेकंड शिफ्ट सुटली आणि मोठा आवाज झाला. पळत गेलो तर एक पोरगा मोटारसायकलसकट आडवा. मागच्या कंटेनरवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून वाचला. हेल्मेट एका बाजूने फुटलेलं, पण पट्टा लावलेला, डोकं शाबूत. 108 ला फोन केला. खांद्याचं हाड मोडलं होतं. कंत्राटी कामगार, लातूरकडचा. दीड महिना घरी, पगार बंद.

दवाखान्यात भेटायला गेलो तर म्हणतो, "काका, माझाच पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला." मी गप्प बसलो. दुसऱ्या खेपेला मात्र सांगितलं, बाबा, चिखल माझा होता. तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या गावाकडं पण असंच चालतं. माझा बापही ट्रॅक्टर चालवतो."

तेव्हापासून ट्रॅक्टरवर खोरं ठेवतो. रस्त्याला लागायच्या आधी बांधावर थांबून चाकं खरवडतो. दहा मिनिटं जातात. तरी माती पडलीच तर लगेच ओढून घेतो. ट्रॉलीला मागून रेडियम लावलंय.

मोटारसायकलवाल्या पोरांनो, शेताजवळ रस्ता काळपट दिसला की चिखल समजा. आधीच वेग कमी करा. चिखलात शिरल्यावर हँडल सरळ ठेवा, एकदम ब्रेक दाबू नका. हेल्मेट आयएसआयचंच घ्या, मागं बसणाऱ्यालाही द्या आणि पट्टा लावा. पट्टा नसेल तर पडताना हेल्मेट आधी निघून जातं. एकदा आपटलेलं हेल्मेट परत वापरू नका. आतलं थर्माकोल एकदा दबलं की पुन्हा मार झेलत नाही.

शेतकरी भावांनो, तुम्ही चाकं कशी साफ करता, तेही कळवा.