परतीच्या पाण्यासाठी

ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीखाली उताणं पडून मी पोलादी पट्टी तळाला टेकवतो. तळाच्या मधोमध, मागच्या टोकाला, एक अरुंद सपाट भाग असतो. त्याला पॅड म्हणतात. ताशी सत्तर मैलांवर माझी वीस फुटांची बोट एवढ्याशा जागेवर तोललेली असते, बाकीचा तळ हवेत. पट्टी इंजिनापर्यंत मागं सरकवायची आणि प्रॉपेलर ज्या दांड्यावर फिरतो त्याचा मध्य तिच्या किती खाली आहे ते मोजायचं. पहिल्यांदा मोजलं तेव्हा 3.75 इंच भरले. माझ्या वहीतली पहिली नोंद तीच.

नोकरीनं मला अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलला आणलं आणि मासेमारीनं गंटर्सव्हिलच्या पाण्यावर. टेनेसी नदीवरचं गंटर्सव्हिलचं धरण 1939 साली पुरं झालं. त्यामागं साचलेला हा तलाव अलाबामातला सर्वांत मोठा, आणि बास मासा पकडणाऱ्यांची पंढरीच. इथल्या बोटी बुटक्या आणि चपट्या, पुढं उभं राहून गळ टाकायला ऐसपैस फळी, मागं अडीचशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. बऱ्याच मोठ्या स्पर्धांत त्याहून जास्त ताकद चालत नाही. म्हणून सगळ्यांचं लक्ष जातं ते इंजिन किती उंचीवर बसवलंय आणि त्याला पंखा कुठला आहे याकडं.

प्रॉपेलरला मी मनात पंखाच म्हणतो, आजोळच्या मालवणात म्हणतात तसा. त्याच्या पिचचा हिशोब स्क्रूसारखा आहे. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर चोवीस पिचचा पंखा एका फेऱ्यात चोवीस इंच पुढं गेला असता. पाणी निसटतं, म्हणून तो कमी जातो. या निसटण्याला स्लिप म्हणतात. इंजिनाचे फेरे गुणिले पिच, भागिले गिअरचं प्रमाण, भागिले 1056, की ताशी मैलांत कागदावरचा वेग मिळतो. माझं गिअर 1.75 चं. 5700 फेऱ्यांना कागदावर 74 मैल येत होते आणि जीपीएस 65 दाखवत होता. म्हणजे शंभरातले बारा हिस्से पाण्यानं खाल्ले होते.

यानंतरचा सगळा उन्हाळा मी त्या बारा हिश्श्यांमागं होतो. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच बदल. इंजिन वर-खाली करणाऱ्या जॅकप्लेटवर ते पाव इंच उचलायचं, तेवढंच पेट्रोल भरायचं, त्याच पुलापासून जाताना आणि येताना धाव घ्यायची, म्हणजे वारा आणि नदीची ओढ एकमेकांना कापतात. मुलगी शेजारी बसून आकडे लिहायची. दोन वेळा पाव पाव इंच उचलून 3.25 वर आलो, तेव्हा फेरे 5850 झाले आणि वेग 68.4. स्लिप दहावर आली. इंजिनाचा गिअर असलेला खालचा भाग पाण्यात नांगरासारखा चालत असतो. तो जितका वर, तितकी पाण्याची अडवणूक कमी. शिवाय बोटीच्या तळाखालून सुटलेलं पाणी मागं थोडं वर चढतं, म्हणून जॅकप्लेटनं मागं सरकवलेलं इंजिन उंच बसवलं तरी पंख्याला पाणी मिळतं.

फेरे हातात आले, म्हणून पिच पंचवीसचं केलं. एक इंच पिच वाढलं की फेरे साधारण दीडशे-दोनशेनं उतरतात. इथं उंचीही जुळली होती, त्यामुळं शंभरच उतरले. जीपीएस 70.3. मुलीनं तो आकडा दोनदा अधोरेखित केला.

मग मी आणखी पाव इंच वर गेलो. ते जायला नको होतं. सरळ धावेत सगळं ठीक होतं. वळताना पंख्यानं पाणी सोडलं, इंजिन किंचाळलं आणि मुलगी ओरडली, "बाबा, पाण्याचा काटा खाली आलाय!" इंजिन थंड ठेवणारं पाणी त्याच खालच्या भागातल्या जाळीतून आत जातं. जाळीच पाण्याबाहेर येऊ लागली, तर वेगाचं काय करायचं? तेव्हापासून मी वेगाच्या आधी पाण्याच्या दाबाचा काटा बघतो. गंटर्सव्हिलमध्ये हायड्रिलासारखं पाणगवत अफाट आहे, तेही जाळीवर बसतं. फरक ओळखायला शिकलो: इंजिन बोटीकडं आत झुकवल्यावर दाब परत आला तर दोष उंचीचा, तरीही पडलेलाच राहिला तर गवताचा. बेल्टला लावायची ती इंजिन बंद करणारी दोरी मात्र मी पहिल्या दिवसापासून लावतो. 1 एप्रिल 2021 पासून तसा केंद्रीय कायदाच आहे, पण दोरीला कायद्याची वाट बघावी लागू नये.

हे आकडे निघाले तेव्हा बोट जवळजवळ रिकामी होती, आणि ही गोष्ट मला फार उशिरा खुपली. मालवणला माझे मामा होडी काठापासून सुटली की कुणाला काही न सांगता माणसं हलवायचे. "तू फुडे बस रे" एवढंच. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, किती दबली आहे हे त्यांच्या पायाला कळायचं. मी मात्र वहीभर आकडे घेऊन बसलो होतो आणि भरलेल्या बोटीची एकही नोंद त्यात नव्हती.

बासच्या स्पर्धेत बहुधा पाचपर्यंत मासे जिवंत आणायचे असतात. मेलेल्या माशासाठी वजन कापतात. पकडलेले मासे मारू नका, पाण्यात परत सोडा, हा आग्रह बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांच्या संस्थेनं 1972 सालापासून धरला. या खेळात मला सर्वांत प्रिय गोष्ट तीच आहे. म्हणून बोटीत मागं मासे ठेवायची टाकी असते. सकाळी ती रिकामी. दुपारी तीस गॅलन पाणी भरलं की शंभर किलोंवर वजन मागं बसतं, तलावावर वारा सुटलेला असतो, लाटा आखूड आणि उभ्या. अशा वेळी माझा सत्तरीचा, तीन पात्यांचा पंखा बोट वर उचलायला वेळ लावायचा. लाटेवर नाक धरायचा नाही. बोट डावी-उजवीकडं डुलायची आणि मागं टाकीत मासे आपटायचे.

टाकी भरून, सोबतीला एक माणूस घेऊन, मी चार पात्यांचा पंखा लावला आणि इंजिन पुन्हा पाव इंच खाली आणलं. रिकाम्या बोटीचा वेग 68.6. जवळजवळ दोन मैल गेले. पण भरलेली बोट चटकन वर आली, लाटांमध्ये कमी फेऱ्यांवरही वरच राहिली, वळताना पाणी सोडलं नाही. मला ही बोट अशीच हवी होती. धक्क्यावर कुणी वेग विचारला की मी भरल्या बोटीचा सांगतो.

ऑक्टोबरात वाऱ्याच्या एका दुपारी अकरा मैल लाटा कापून परतलो. टाकीचं झाकण उघडलं तर पाचही मासे तळाशी सरळ उभे होते, कल्ले संथ हलत होते. वजन झाल्यावर धक्क्याच्या कडेनं एकेक पाण्यात धरला. शेवटचा, सर्वांत मोठा, क्षणभर हातातच थांबला आणि मग शेपटीच्या एका फटक्यानं खाली गेला.

तीन पात्यांचा पंखा गॅरेजात खिळ्यावर आहे. जानेवारीत हवा थंड आणि दाट असते, इंजिन मोकळं धावतं. पाण्यावर बारीक तरंग असले आणि टाकी रिकामी असली की मी तो उतरवतो आणि मुलीला हाक मारतो. ती वही घेऊन येते.